अण्णांची ट्रंक

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी दरवर्षी एकाच वस्तूवरून वाद होई. ती म्हणजे अण्णांची पत्र्याची ट्रंक. अण्णा सरकारी बांधकामाचे लहानसे ठेकेदार. ट्रंकेत सिमेंटच्या पावत्या, मजुरांचे हजेरीपट आणि रोजच्या कामाच्या वह्या. आई म्हणे, "अहो, ही रद्दी वाण्याला द्या ना!" अण्णांचे उत्तर ठरलेले : "काम संपलंय, हिशेब नाही."

सरकारी मोजमापाचे पुस्तक भारी सोवळे! पानांना छापील क्रमांक; पान फाडायचे नाही, आकडा खरडायचा नाही. चुकलेला आकडा वाचता येईल असा रेघेने कापायचा आणि शेजारी सही करायची. ठेकेदारानेही 'मोजमाप मान्य' म्हणून सही द्यायची.

1963 साली ऑडिटचे साहेब आले. पुस्तकात एका मोरीचा पाया पाच फूट लिहिला होता. "तुमची वही असेल तर दाखवा," ते म्हणाले. आई आतून खुणावीत होती, 'उंदरांनी खाल्ली म्हणा.' अण्णांनी वही काढून दिली. तीत होते : 'चार फुटांवर खडक लागला.'

जादा रक्कम अनामतीतून कापली गेली. त्या दिवाळीला मला नवा सदरा मिळाला नाही. पुस्तकावर सही करताना अण्णांनी तो आकडा वाचला होता की नाही, हे मी त्यांना कधीच विचारले नाही.

अण्णा आता नाहीत. 2005 साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आला आणि सरकारी कामाचे कागदच नव्हे, तर प्रत्यक्ष काम पाहण्याचा, सामानाचा नमुना मागण्याचा हक्कही तुम्हांआम्हांला मिळाला. पुढे आमच्या गल्लीतला रस्ता एका पावसाळ्यात उखडला, तेव्हा मी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज केला. कचेरीत ते पुस्तक समोर आले. आता चोर सापडणार, म्हणून मी चष्मा पुसून बसलो.

एका पानावर थराच्या जाडीचा आकडा कापलेला होता. शेजारी लहान आकडा, त्यापुढे सही. रस्ता का उखडला ते कळले. पण पैसे त्या लहान आकड्याचेच घेतले होते! कुणाचा तरी सदरा राहिला असेल, असे उगीच मनात आले.

नक्कल मात्र मी मागून घेतलीच. ती ट्रंकेत आहे. यंदा साफसफाईत आमची सौभाग्यवती म्हणाली, "अहो, ही रद्दी..."