आठवडा ढकलताना

कुटुंबांचा जमाखर्च हा माझ्या अभ्यासाचा विषय. घरात पैसा किती येतो, यापेक्षा महिना कसा निभतो, हे मी पाहते. त्यासाठी लोकांच्या हिशेबाच्या वह्या वाचते. केनियातल्या किसुमू शहरात वाचलेली एक वही मनातून जात नाही.

किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे. तिथल्या बाजारात एक बाई ओमेना विकायची. ओमेना म्हणजे तिथली सुकट, उन्हात वाळवून मापानं विकली जाणारी बारीक मासळी. तिच्या शाळकरी वहीत रोजची विक्री, मुलांची फी आणि आठवड्याला ‘चामा’चा हप्ता लिहिलेला असे. चामा म्हणजे आपली भिशीच.

२७ डिसेंबर २००७ रोजी केनियात राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं. ३० तारखेला म्वाई किबाकी विजयी घोषित झाले आणि त्याच संध्याकाळी त्यांचा शपथविधीही उरकला गेला. प्रतिस्पर्धी राइला ओडिंगांच्या पक्षानं निकाल नाकारला आणि देश पेटला. २८ फेब्रुवारीला कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीनं समझोता झाला, पण तोवर हजाराहून अधिक माणसं गेली होती. या हिंसेची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाचा आकडा १,१३३ आहे. लाखो लोक बेघर झाले ते वेगळेच.

या बाईचं घर जळलं नाही. घरातलं कुणी दगावलं नाही. त्यामुळे कुठल्याच यादीत तिचं नाव नाही. वहीत मात्र जानेवारीतली अकरा पानं कोरी आहेत. त्यानंतर विक्री दिसते, ती निम्म्याहून कमी. शहरातल्या ओगिंगा ओडिंगा रस्त्यावरची दुकानं लुटली, जाळली गेली होती. त्यांत भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांचीही होती. दुकान बुडालं की त्याच्याकडून उधारीवर माल उचलणारा टपरीवाला अडतो, आणि टपरीवाल्याच्या वहीवर पीठ नेणाऱ्या घरात चूल अडते. नैरोबीत किबेरा वस्तीजवळ रेल्वेचे रूळ उखडले गेले, महामार्गांवर अडथळे उभे राहिले. पीठ, रॉकेल, भाडं सगळंच महागलं. वहीत रोज एकच भाजी दिसू लागते: सुकुमा विकी. या स्वस्त पालेभाजीच्या स्वाहिली नावाचा अर्थच आहे ‘आठवडा ढकला’.

पास्कलिन द्युपा आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी पश्चिम केनियातल्या कुटुंबांच्या या काळातल्या नोंदी तपासल्या. त्यांचा निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्पन्न, खर्च आणि जेवणखाण, तिन्ही झपाट्यानं घसरल्याचं त्यांना आढळलं. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी तर या तंगीत अधिक जोखमीचे संबंध पत्करले. दंगल शमल्यावरही अशा जोखमीचे परिणाम देहात राहू शकतात. ते कुठल्या आयोगाच्या आकड्यात धरायचे?

गरिबाच्या घरात शिल्लक नसते, पत असते. वाणी उधार देतो, घरमालक थांबतो, भिशीतली बाई आपला नंबर दुसरीला देते. निवडणुकीतली हिंसा पहिला घाव घालते तो या पतीवर. किसुमूतून किबाकींच्या किकुयू समाजातल्या कुटुंबांना पळ काढावा लागला. या बाईच्या चामाचा पैसा जिच्याकडे असायचा, ती शेजारीण किकुयू होती. एका रात्री मुलांना घेऊन ती निघून गेली. फेब्रुवारीतला नंबर माझ्या ओळखीच्या या बाईचा होता. त्या पैशातून मुलीची फी भरायची होती. मुलगी ते वर्ष घरी राहिली.

“पैशांचं काही वाटत नाही, तिलाही वाटेत लागले असतील,” ती मला म्हणाली. “पण ती निघाली तेव्हा मी जागी होते. दार उघडलं नाही.”

बारा वर्षांचा शेजार होता तो. मी पुढचं काही विचारू शकले नाही. वही मिटून मांडीवर ठेवली.

हे बोलणं झालं २०१३च्या फेब्रुवारीत. मार्चमध्ये पुन्हा मतदान होतं. तिच्या खाटेखाली मक्याच्या पिठाची पाकिटं रचून ठेवलेली होती. धाकट्या मुलाला गावी आजीकडे पाठवलं होतं. नव्या चामातल्या बायकांनी सगळा जमा पैसा जानेवारीतच वाटून घेतला होता, मतदान पार पडेपर्यंत कुणाकडे काही ठेवायचं नाही म्हणून. वहीत त्या महिन्याच्या पानावर हप्त्याचा रकाना तिनं रेघ मारून बंद केला होता. रेघ पट्टी लावून ओढलेली होती, अगदी सरळ.