लुनाचा श्वास

पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघालं की साताऱ्याचा रस्ता चढू लागतो. पायी जाणाऱ्याला तो चढ फारसा जाणवत नाही, लुनाला मात्र नेमका जाणवतो. लहानपणी मी घरात बसून अप्पांच्या लुनाचा आवाज ओळखायचे. कोपऱ्यावर वळताना तो किंचित खाली उतरायचा, मग पुन्हा वर चढायचा, आणि आई चहाचं आधण ठेवायची.

अप्पांनी ती 1984 साली घेतली. कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये इटलीच्या पियाज्यो कंपनीच्या चाओ या मोपेडवरून लुना आणली, तेव्हापासून मास्तर, पोस्टमन, दूधवाले यांच्या घरासमोर ती दिसू लागली. इंजिन अवघं 50 सीसीचं, टू-स्ट्रोक. गिअर नाहीत. पाय टेकायला सायकलसारखे पेडल, आणि इंजिनाने हात टेकले तर तेच पेडल मारत घर गाठायचं. आता अप्पा 80 वर्षांचे आहेत, डोळ्यांनी अधू झालेत, म्हणून लुना मी चालवते. पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं काम मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवलं आहे. त्या कामाला ते कुणाला हात लावू देत नाहीत.

गेल्या श्रावणात लुनाचा सूर बसला. पहिल्या पेडलला सुरू व्हायची, सपाटीवर पळायचीसुद्धा. चढ आला की आवाज जाड व्हायचा, तोंडावर उशी दाबल्यासारखा. मूठ पूर्ण पिळली तरी वेग तसूभर वाढायचा नाही. समर्थ मंदिर यायच्या आत मी पेडल मारू लागायचे.

प्लग काढला तर काळा, ओलसर, तेलकट. चांगल्या प्लगचं टोक विटकरी-तपकिरी असतं. हा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, असं वाटून मी कार्बुरेटर उतरवला. जेट काढून आभाळाकडे धरला. सुईच्या टोकाएवढं ते छिद्र, त्यातून आभाळाचा एक निळा ठिपका स्वच्छ दिसत होता. कचरा नव्हता. एअर फिल्टर धुतला, वाळवला. मागचं चाक उचलून हाताने फिरवलं, ब्रेक धरत नव्हता. प्लगच्या जागी अंगठा दाबून पेडल मारलं, तर आतल्या दाबाने अंगठा ताडकन उडवला. म्हणजे रिंगा शाबूत होत्या. नवा प्लग घातला. आठ दिवसांत तोही काळा.

शेवटी मेकॅनिक चाचांकडे नेली. चाचा चाळीस वर्षं टू-स्ट्रोक खोलताहेत. त्यांनी पान्याला हात लावला नाही. "चालू कर बेटा," म्हणाले, आणि सायलेन्सरच्या तोंडामागे तळवा धरला. "मूठ वाढव." वाढवली. "श्वास सोडत नाही ही," ते म्हणाले. "तू घ्यायचा रस्ता बघत बसलीस."

टू-स्ट्रोकमध्ये श्वास घ्यायला वेगळी फेरी नसते आणि सोडायलाही नसते. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्टचं पोर्ट उघडतं, जळलेला वायू बाहेर धावतो. लगेच दुसऱ्या बाजूने ताजं मिश्रण आत येतं आणि उरलासुरला धूर पुढे ढकलतं. एकाचं जाणं हेच दुसऱ्याचं येणं. बाहेरची वाट अरुंद झाली की शिळा धूर आतच घुटमळतो आणि ताज्याला जागा उरत नाही. मूठ कमी असते तेव्हा हे लपून राहतं. चढावर इंजिनाकडे जास्त मागितलं की उघडं पडतं.

सायलेन्सर उतरवला. पोर्टच्या कडेला काजळीचा असा थर, की भोक निम्म्याहून लहान झालेलं. चाचांनी पिस्टन वर आणून पोर्ट झाकलं, म्हणजे खरवडलेलं सिलिंडरमध्ये पडू नये. मग बांबूची चपटी कामटी घेतली. लोखंड लावलं तर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत काजळी पुन्हा लवकर धरते. थर कपच्याकपच्यांनी निघाला, करपलेल्या दुधाच्या खरवडीसारखा. सायलेन्सर मागच्या अंगणात जाळात ठेवला. आतलं जुनं तेल कितीतरी वेळ पिवळ्या ज्वाळेने जळत राहिलं. थंड झाल्यावर लाकडी हातोड्याने ठोकला, तेव्हा वर्तमानपत्रावर ओंजळभर काळी भुकटी पडली.

"तेल किती घालता?" चाचांनी विचारलं. आमच्याकडे लिटरला 40 मिलीचं माप आहे, पंचवीसला एक. मी ते सांगितलं आणि सांगतानाच गप्प झाले. मापाच्या झाकणातली रेघ अप्पांना आता दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते थोडं जास्त घालतात. कमी पडून पिस्टन जाम व्हायला नको, म्हणून आणखी थोडं. पंगतीत आवडत्या नातवाच्या पानात तूप पडतं, तसं.

घरी आल्यावर मी अप्पांना काही बोलले नाही. एका छोट्या पारदर्शक बाटलीवर 40 मिलीला लाल रंगाची जाड पट्टी मारली आणि ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, पट्टीवरून अंगठा फिरवला. "ही दिसते," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी चढ चढून आले तेव्हा ते दारातच उभे होते. कोपऱ्यावरचा आवाज त्यांनी ऐकला होता.

तुमच्या पडवीत अशी एखादी लुना चढावर दम टाकत असेल, तर आधी कार्बुरेटर खोलू नका. ती सुरू करा, सायलेन्सरच्या मागे हात धरा, आणि घरात तेल कोण घालतं ते विचारा.