काम झाले, नोंद झाली का?

सीमाभागातल्या माणसाला कागदाची किंमत निराळी सांगावी लागत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. माणसे होती तिथेच राहिली. कागदांची भाषा मात्र बदलली. आजोबांचा कागद मोडीत, वडिलांचा बाळबोधीत आणि मुलाचा कन्नडमध्ये, अशी थप्पी आमच्याकडे पुष्कळ घरांतून सापडते.

शाळेत तर हा रोजचाच अनुभव. नातू आजोबांचा दाखला मागायला येतो आणि जुने जनरल रजिस्टर काढावे लागते. ज्या गुरुजींनी मूल दाखल करून घेतले त्याच दिवशी सगळे रकाने भरले, त्यांची एक ओळ आज त्या घराच्या उपयोगी पडते. 'सवडीने भरू' म्हणून कोरा राहिलेला रकाना आता कोण भरणार? सांगणारे माणूसच उरलेले नसते.

संगणकाच्या धंद्यातही हीच अडचण असते, हे मला एका माजी विद्यार्थ्याने सांगितले. निपाणीजवळच्या खेड्यातला हा मुलगा आता बेंगळुरात सॉफ्टवेअरच्या कामावर आहे. तो म्हणाला, "सर, प्रोग्राम लिहून होतो, पण तो वापरायचा कसा, हे लिहायचं मागं पडतं. आणि लिहिणारा कंपनी सोडून गेला की संपलंच."

त्यावर त्यांनी काढलेला उपाय मला फार आवडला. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी असते. तिच्यावर काम कोणते, कोणाकडे, कुठवर आले, हे लिहिलेले असते. त्याच चिठ्ठीवर आणखी एक प्रश्न असतो : या बदलाबद्दल कोणाला लिहून सांगावे लागेल? उत्तर 'कोणाला नाही' असेही असू शकते. आतली दुरुस्ती झाली आणि वापरणाऱ्याला काहीच वेगळे दिसणार नसेल, तर पुस्तिकेची पाने वाढवण्यात अर्थ नाही. पण पडद्यावरचे बटण बदलले, तर माहितीपत्रकाची दुसरी चिठ्ठी तिथल्या तिथे निघते आणि पहिलीला जोडली जाते. दोन्ही पुऱ्या झाल्याखेरीज काम 'झाले' या रकान्यात जात नाही.

या विचाराला मोठी परंपरा आहे. डोनाल्ड नूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने 1984 साली असे मांडले, की प्रोग्राम हा आधी माणसाला समजावा म्हणून, निबंधासारखा लिहावा. आपल्या 'टेक' या छपाईच्या प्रोग्रामचे सगळे अंतरंग त्याने 1986 साली स्पष्टीकरणासह पुस्तकरूपाने छापले. चूक दाखवणाऱ्याला तो बक्षीस देत आला. प्रोग्राममधल्या चुकीला देतो तसे पुस्तकातल्या चुकीलाही. 1993 साली सुरू झालेल्या 'डेबियन' या मुक्त संगणकप्रणालीत तर एखाद्या प्रोग्रामला माहितीचे पान नसणे हाच दोष म्हणून नोंदवला जातो. न लिहिणे हीही चूकच, असे मानणारी ही मंडळी मला आमच्या जुन्या गुरुजींची भावंडे वाटतात.

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे : कोणत्या भाषेत लिहायचे? कर्नाटकात 'भूमी' योजनेखाली 2001 च्या सुमारास सुमारे दोन कोटी जमीन-नोंदी संगणकावर चढल्या. उतारा तालुक्याच्या गावी छापून मिळू लागला. काम प्रचंड आणि उपयोगी, यात शंका नाही. पण तो उतारा कन्नडमध्ये असतो आणि आमच्याकडच्या कित्येक वृद्धांना अक्षरओळख आहे ती मराठीची. कोणत्या रकान्यात काय असते, हे सांगणारे एक साधे मराठी पान हाताशी असले, तर म्हाताऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणार नाही. यंत्र कोणासाठी केले, हा प्रश्न कामाच्या पहिल्या चिठ्ठीवरच विचारला गेला, तर असे पान आपोआप निघेल.

सीमाभागातली आपली मुले आज पुण्यात, बेंगळुरात याच उद्योगात आहेत. घरात दोन भाषा ऐकत ती वाढली. समोरच्याला आपले बोलणे समजले का, हे पाहण्याची सवय त्यांना लहानपणापासूनची आहे. ती सवय त्यांनी कामात मोडू देऊ नये, एवढेच मी त्यांना सांगेन. काम करणारा उद्या दुसरीकडे जातो. त्याच्या जागी येणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने विचारायचे कोणाला, याचे उत्तर आजच लिहून ठेवलेले असावे.