चौतीस पॉइंट दोनशे दोन

टूलरूममध्ये वीस अंशांचा कोन लावायचा असला तर माझ्या हातांना विचार करावा लागत नाही. शंभर मिलिमीटरचा साइन बार सरफेस प्लेटवर ठेवायचा आणि त्याच्या एका रोलरखाली चौतीस पॉइंट दोनशे दोन उंचीची स्लिप गेज द्यायची. ही उंची एका तुकड्यात मिळत नाही, चार जोडावे लागतात, आणि जुळणी शेवटच्या आकड्यापासून करायची असते. आधी 1.002, की शेवटचा दोन सुटला. मग 1.20. उरले बत्तीस, म्हणून 2 आणि 30. प्रत्येक तुकडा मऊ कापडानं पुसून दुसऱ्यावर दाबून सरकवला की दोन्ही असे घट्ट बसतात की वरचा उचलला तर खालचाही सोबत येतो. एकोणीस वर्षं मी हे करतो आहे.

पण 34.202 कुठून आले, हे यंदाच्या मार्चपर्यंत मला कुणी विचारलं असतं तर मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं असतं. डिप्लोमाला असताना सूत्र पाठ होतं, पेपरात लिहून मार्कही मिळवले होते. मग नोकरीत तक्ता मिळाला आणि सूत्र विरून गेलं.

आता वयाच्या 42व्या वर्षी मी बी.टेक.च्या थेट दुसऱ्या वर्षाला बसायची तयारी करतो आहे. एआयसीटीईनं 2023-24पासून नोकरी करणाऱ्यांसाठी कामाच्या वेळा सांभाळून पदवी घ्यायची सोय केली, म्हणून हे शक्य झालं. त्याआधी आमच्यासारख्यांचा रस्ता एएमआयईचा, म्हणजे नोकरी सांभाळून द्यायच्या इंजिनिअरिंगच्या परीक्षांचा होता. आमच्या टूलरूममधल्या दोन ज्येष्ठांनी रात्रपाळी करून सेक्शन ए आणि सेक्शन बी पार केले होते, आणि त्यांच्याबद्दल बोलताना सगळ्यांचा आवाज आपोआप आदराचा व्हायचा. मीही पुस्तकं आणली होती. लग्न, मुलगी, घराचे हप्ते, पुढच्या वर्षी बघू. मग 31 मे 2013 नंतर नाव नोंदवणाऱ्यांच्या एएमआयईला पदवीची समकक्षता मिळणार नाही असं ठरलं, आणि ती पुस्तकं मी माळ्यावर टाकली. त्या दिवशी मला किती वाईट वाटलं होतं हे मी घरात कुणाला बोललो नाही.

थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश म्हणजे पहिल्या वर्षाचं गणित, एम-वन आणि एम-टू, न करता एम-थ्रीसमोर उभं राहायचं. लाप्लास ट्रान्सफॉर्म, फूरिए, व्हेक्टर कॅल्क्युलस. लाप्लासचं पुस्तक उघडलं आणि पहिल्याच उदाहरणात अडलो. ते अडणं लाप्लासमुळे नव्हतं. मधे एक आंशिक अपूर्णांकाची पायरी होती, आणि ती मला येत नव्हती. ती का येत नाही म्हणून मागे गेलो तर बीजगणित कच्चं. आणखी मागे गेलो तर उणे चिन्ह कंसातून बाहेर काढताना हात चुकत होता. असं मागे मागे जात मी मुलीच्या नववीच्या जुन्या पुस्तकापर्यंत पोचलो. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे डोक्यात अजून लसावि आणि वर्गसमीकरणच येतं. हात इंग्रजीत लिहितो.

पहाटे पावणेपाच ते सहा हा माझा अभ्यासाचा वेळ. सव्वासहाला कंपनीची बस. विसरणं हा मोठा अडसर नाही. विसरलेलं परत येतं, दोन-तीन महिन्यांत बरंच आलंही. अडसर आहे तो अनुभवाचा. कारखान्यात अनुभवी माणसाची किंमतच अशी की तो पायऱ्या गाळतो. मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग गेलं हे सांगतो, बोट फिरवून बर लागला हे ओळखतो. कुणी विचारत नाही कसं कळलं, कळलं एवढं पुरतं. तीच सवय घेऊन वहीसमोर बसलं की माणूस तीन ओळी मनात करतो, चौथी कागदावर लिहितो, आणि चूक नेमकी न लिहिलेल्या ओळीत असते. मुलगी बारावीला आहे. तिनं माझी वही पाहिली आणि म्हणाली, "बाबा, तू मधलं लिहीतच नाहीस. मला कसं कळणार कुठं चुकलं?" तेव्हापासून मी प्रत्येक ओळ लिहितो, अगदी दोन अधिक तीनसुद्धा.

लाप्लासच्या प्रकरणात हेवीसाइडचं नाव येतं. या ऑलिव्हर हेवीसाइडनं सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि पुढे तो तारयंत्रावर काम करू लागला. मॅक्सवेलचा विद्युत आणि चुंबकत्वावरचा ग्रंथ 1873मध्ये आला. तो समजून घ्यायचाच असं त्यानं ठरवलं, तेव्हा शाळेतलं बीजगणित आणि त्रिकोणमिती तोही बरीचशी विसरलेला होता. त्याला त्यात कित्येक वर्षं गेली. मॅक्सवेलची समीकरणं आज ज्या चार ओळींत शिकवतात, त्या आटोपशीर रूपात ती त्यानं मांडली. हे वाचलं त्या पहाटे मी बराच वेळ पान उलटलं नाही.

या वयात कशाला, असं विचारणारे आहेत. बायको म्हणाली, "अहो, फी भरायचं ठरलंय ना? मग आता सगळ्यांना उत्तरं देत बसू नका." तेवढ्यावर तो विषय संपला.

गेल्या आठवड्यात एक ड्रॉइंग आलं, कोन वीस अंश अठरा मिनिटं. आयटीआयचा नवा मुलगा तक्त्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, यात हा कोन नाहीये." भिंतीवरच्या तक्त्यात फक्त पूर्ण आणि अर्धे अंश आहेत. मी खडूनं फरशीवर त्रिकोण काढला. बार म्हणजे कर्ण, शंभर. उंची काढायची. अठरा मिनिटं म्हणजे पॉइंट तीन अंश. माझा नवा कॅल्क्युलेटर त्याच्या हातात दिला. त्यानं आकडा काढला, खडू घेतला आणि त्रिकोणाच्या उभ्या बाजूवर लिहिलं: 34.694. थोडा वेळ तो खाली बघत राहिला. मग गेजची पेटी उघडली, बोटानं तुकडे मोजत गेला आणि सगळ्यांत आधी 1.004 उचलला.