गंगावेशीतला फेसाळ पेला

कोल्हापुरात काय खायचं, असं कुणालाही विचारा, गाडी तांबड्या-पांढऱ्यावरून निघते आणि मिसळीवर थांबते. शिवाजी पेठेत ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या काकांच्या लेखी हे सगळं पाहुण्यांचं खाणं. "संध्याकाळी कट्ट्यावर जाऊ," एवढंच ते म्हणाले.

निवृत्ती चौकातल्या अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून चालत निघालो. पेठेत तालमींची नावं जिकडेतिकडे. सगळीकडे लाल माती उरली आहे असं नाही. खंडोबा तालीम म्हटलं की आजच्या पोरांना आधी फुटबॉलचा संघ आठवतो.

गंगावेशीत वेस शोधू नये. रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस यांच्यासारखीच तीही फक्त पत्त्यात उरली आहे. तिच्या जागी, काकांच्या त्या कट्ट्यावर, भर रहदारीत, दुचाक्यांच्या शेजारी, म्हशी उभ्या होत्या. गवळी उकिडवा बसला, कास धुतली आणि चरवीत धार वाजू लागली. गिऱ्हाईक समोर उभं. पाणी घालायला वावच नाही!

म्हशींची शिंगं पाहून मी थबकलो. पार खांद्याच्या मागे गेलेली, तलवारीसारखी. ही पंढरपुरी म्हैस. तिचा स्वभावच या धंद्याला जुळणारा आहे: एका वेळी सगळं न देता ती थोडं थोडं, दिवसातून अनेकदा दूध देते. एरवीची म्हैस गोठ्याबाहेर, हॉर्नच्या गोंगाटात, परक्या माणसांसमोर पान्हा कशाला सोडेल? रस्त्यावर असं समोर दूध काढून देण्याच्या पद्धतीचं श्रेय देताना शाहू महाराजांचं नाव इथे सगळेच घेतात. 1894 मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं, गावोगावची पोरं तालमीत राहायला आली. त्यांना खुराक हवा होता. बदाम, खसखस घोटून केलेली थंडाई आणि ताजं दूध. गंगावेश तालीम इथून हाकेच्या अंतरावर. पण मला वाटतं, श्रेयाचा थोडा वाटा या म्हशीलाही द्यायला हवा. राजाश्रय तर होताच, पण तिच्यासारखं जनावर नसतं तर दूध रस्त्यावर आलंच नसतं.

"साखर घालू काय पाव्हणं?"

"घाला थोडी."

काका हसले. पुण्याचा माणूस, दुसरं काय मागणार!

पेला हातात आला तेव्हा वर दोन बोटं फेस. कच्चं दूध पिऊ नये, हे डॉक्टर सांगतात आणि ते खरंच आहे. जंतू शाहूंच्या काळातही होते. मी तसाच घुटमळलो. "निवलं की मजा गेली," गवळी म्हणाला. मग तोंड लावलं. गरम म्हणावं असं नाही, अंगाच्या उबेइतकं कोमट. दाट, किंचित गोड, आणि मागे गवताचा पुसट वास. पिशवीतलं दूध पिऊन वाढलेल्या जिभेला दुधालाही वास असतो हे नव्यानं कळलं.

शेजारी एक आजोबा नातवाला पाजत होते. पोराच्या ओठावर पांढरी मिशी. काकांनी घरासाठी बरणी भरून घेतली. "हे तापवायचं हं," त्यांनी मला बजावलं, "काकू कच्चं पिऊ देत नाही."

धारोष्ण, म्हणजे धारेच्या उबेचं. हा शब्द मी शाळेत असताना व्याकरणाच्या वहीत संधी सोडवायला लिहिला होता. धारा अधिक उष्ण. गुण मिळाले होते.

दुसरा पेला बिनसाखरेचा घेतला.