न उच्चारलेला निरोप

सुरेश भटांचे (१९३२–२००३) ‘तरुण आहे रात्र अजुनी’ हे गीत हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आशा भोसले यांनी गायिले. त्याच्याभोवती एक कथा सांगितली जाते : प्रियकर निजलेला नसून तो रणांगणावरून आणलेला मृत सैनिक आहे. आम्हांला ही कथा अनाठायी वाटते. शब्दांत ना युद्ध आहे, ना मृत्यू. आहे ती कोजागिरीची रात्र, कूस बदलून निजलेला पुरुष आणि जागी स्त्री. तिची प्रत्येक द्विपदी प्रश्नावर संपते.

मग मरणाची गरज कोणाला भासते? श्रोत्यांना. प्रेम मृत्यूने संपले तर ते पवित्र राहते; नुसतेच निवले, तर दोष कोणाला द्यायचा? शिवाय स्त्रीची उघड कामना शोकाच्या वस्त्राखाली झाकता येते.

अमेरिकेत १९७३ साली ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स यांचे, जिम वेदरली यांनी लिहिलेले ‘नीदर वन ऑफ अस’ हे सोल गीत गाजले. तेथे शेवट दोघांनाही कळलेला आहे. निरोपाचा शब्द आधी उच्चारण्याचे धैर्य मात्र कोणातच नाही. भटांच्या गीतात तो शब्द एकटीच्या ओठांशी अडतो आणि प्रश्न होऊन बाहेर पडतो.

अखेरीस ती त्याला कोरड्या किनाऱ्याची उपमा देते. आमच्या भिगवणला उजनीचा काठ उन्हाळ्यात कोरडा पडतो, तो पाणी मागे हटल्यामुळे. गीतात लाटा उसळत आहेत, तरी किनारा भिजत नाही. हे दुःख वैधव्याहून कठीण. कारण ज्याच्यासाठी रडायचे, तो शेजारीच श्वास घेत असतो.