रंगस्थळाची साक्ष

वर्गात नाटक शिकवताना आम्ही रंगस्थळाविषयी दोन वाक्ये बोलतो आणि संहितेकडे वळतो. ही सवय किती उणी आहे, हे आम्हांला ऑस्ट्रियातील साल्झबर्गने दाखविले. तेथील उन्हाळी संगीत-नाट्य महोत्सव ऐन भरात होता आणि तिकिटे आमच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा निदान रंगस्थळे तरी पाहावीत, असे आम्ही ठरविले.

‘फेल्झनराइटशूले’ म्हणजे खडकातली घोडेस्वारीची शाळा. शहरालगतच्या डोंगरातून कॅथेड्रलसाठी दगड काढला गेला. पुढे 1693 मध्ये त्याच खाणीच्या कड्यात तीन मजल्यांवर 96 कमानी कोरल्या गेल्या. त्या कमानींत बसून लोक खालची घोडेस्वारी आणि प्राण्यांच्या झुंजी पाहत. 1926 मध्ये दिग्दर्शक मॅक्स राइनहार्ट यांनी येथे नाटक आणले. आज प्रेक्षक खाली बसतात आणि कमानी रंगमंचाची पार्श्वभूमी होतात. पाहणाऱ्यांची जागा पाहण्याचा विषय झाली! शेजारच्या मोठ्या नाट्यगृहासाठी तर सुमारे 55,000 घनमीटर खडक फोडावा लागला. 1960 मध्ये ते खुले झाले. त्याचा रंगमंच सुमारे 100 मीटर रुंद आहे.

परंतु आम्ही खरे थबकलो ते कॅथेड्रलसमोरच्या चौकात. महोत्सवाचा आरंभ येथे 22 ऑगस्ट 1920 रोजी हॉफमन्स्टाल यांच्या ‘येडरमान’ने झाला, दिग्दर्शक राइनहार्टच. धनाढ्य नायकाला मृत्यू बोलावू लागतो, तेव्हा त्याच्या नावाची हाक चर्चच्या मनोऱ्यांवरून आणि दूरच्या किल्ल्यावरून येते. चर्चची दर्शनी भिंत हाच पडदा. पाऊस आला, तर प्रयोग मोठ्या नाट्यगृहात हलवितात. तेथे संहिता तीच राहते; शहर मात्र बाहेर राहते.

‘येडरमान’ म्हणजे ‘प्रत्येक माणूस’. या ‘प्रत्येका’त कोण येतो? राइनहार्ट ज्यू होते. 1937 मध्ये ते अमेरिकेस गेले. 1938 मध्ये ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत सामील करून घेतला गेला आणि या चौकातील ‘येडरमान’ बंद पडले. त्याच वर्षी 30 एप्रिलला, कॅथेड्रलच्या दुसऱ्या अंगाच्या चौकात, पुस्तकांची होळी झाली. नाटक 1946 मध्ये परतले. राइनहार्ट परतले नाहीत. 1943 मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले होते.

दोन चौकांमधले अंतर आम्ही चालून पाहिले. काही पावलांचेच आहे. ज्या दगडांनी ती हाक ऐकली, त्यांनी तो धूरही पाहिला असणार. संहितेत त्याचा मागमूस नाही.

आता ‘येडरमान’विषयी बोलताना आम्ही आधी फळ्यावर दोन्ही चौक काढतो, मनोरे काढतो, आणि विद्यार्थ्यांना विचारतो : हाक कोठून येते, आणि ती ऐकायला तेथे कोणाला राहू दिले होते? संहिता त्यानंतर उघडतो.